कानांवर हात

नव्या बाई राजधानीतून आलेल्या. कोणी घरच्या भाषेत तोंड उघडलं, की त्या लगेच दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. "देशाच्या भाषेत बोला, तरच ऐकेन." घरच्या भाषेतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, असंच अख्खी शाळा धरून चालली होती.

मधल्या सुट्टीत दुसरीतली चिमणी धापा टाकत त्यांच्या खोलीत शिरली. तिचा धाकटा भाऊ शाळेमागच्या पाण्याच्या टाकीत पडला होता.

"बाई, माझा..."

बाईंचे हात कानांवर गेलेसुद्धा. चिमणीने सगळं डोकं धुंडाळलं, पण देशाच्या भाषेत टाकी सापडेना, बुडणं सापडेना, काही म्हणजे काहीच सापडेना. एकच वाक्य पाठ होतं, तेच ती हुंदके देत बोलली.

"बाई, आज हवामान छान आहे."

"शाब्बास! मग रडतेस कशाला?"

शेवटी चिमणीने बाईंचं मनगटच धरलं आणि त्यांना ओढत टाकीपाशी नेलं. बाई आत डोकावल्या आणि ऊर फुटेस्तोवर ओरडल्या, "धावा रे, लेकरू बुडतंय!"


चिमणीच्या घरी बोलतात ना, अगदी त्याच भाषेत.