दोनशे वर्षं टिकणारा चेहरा

"फाड ते," व्हर्ना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता फाड!"

क्लाइडनं उलट तो कागद तिच्या उशाशी, खिडकीच्या उजेडात धरला. रात्रभर वाळवलेला प्रिंट. कापसाचा जाड कागद आणि त्यावर खऱ्या काजळीची शाई. प्रिंटरमधली सगळी रंगीत शाई काढून टाकून त्यानं त्यात काळ्या-करड्या सात छटा भरल्या होत्या, आणि व्हरमाँटच्या त्या गारठ्यात सगळं म्हातारपण त्या छटांपायी घातलं होतं. बायको त्याला दिसली ती अंथरुणाला खिळल्यावरच.

कागदावर तीच होती. बसलेले गाल, केस गेलेलं टाळकं, कवळी काढून ठेवलेलं तोंड. परवा ती औषधाच्या गुंगीत असताना मेल्यानं फोटो काढला होता!

"लाज नाही वाटली? मला असं कुणी बघायला नको होतं रे. सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवलं मी."

"दोनशे वर्षं टिकेल," क्लाइड म्हणाला. "आपल्या लग्नाचा तो रंगीत फोटो बघ, पार पिवळा पडला. याला काही होत नाही."

"मला नाही टिकायचं अशी!"

"हा गळ्याखालचा काळा बघ ना. असा काळा आजवर जमला नव्हता मला."

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्याबरोबर राहून राहून एक गोष्ट तिलाही कळली होती. ही शाई उन्हाला भीत नाही, पण वरून लाखेचा फवारा बसेपर्यंत साध्या नखाला भिते. तिनं होतं नव्हतं ते बळ एकवटलं, हात उचलला आणि कागदावरच्या त्या तोंडावरून नख ओढलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरी रेघ उमटली.

आता हा घर डोक्यावर घेणार. घेऊ दे. निदान माझ्यावर ओरडेल तरी, असं तिला वाटलं.

क्लाइड ओरडला नाही. कागद बाजूला ठेवून तो पलंगाच्या कडेवर बसला. दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि हळूच तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. बाहेरच्या बर्फाचा उजेड तिच्या तोंडावर आला. असं त्यानं शेवटचं कधी धरलं होतं, तिला आठवेना. तो बघत होता. नुसता बघतच राहिला. व्हर्नाचा राग कुठच्या कुठे पळाला. उशिरा का होईना, कळलं म्हणायचं याला! तिचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

"जाऊ दे रे, वेड्या."

"नाही, खरंच. परवा उगाच घाई केली मी. आज गाल किती आत गेलेत! हलू नकोस हां, अशीच राहा. डोळे पुसू नकोस. कॅमेरा आणतो."