हत्तीकान

टाकीतल्या मश्रूम कोरलच्या, म्हणजे अळंबीसारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवाच्या, तबकडीवर सगळीकडे बारीक गाठी होत्या. फक्त कडेलगत अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टा गुळगुळीत होता. म्हणजे हा हत्तीकान, थैलीसारखा मिटून लहान मासे गिळणारा. गार्गीने तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. समुद्री टाकी तिची होती, प्राणिशास्त्राची पदवीही तिचीच. तिचा नवरा जितेंद्र घरी त्यांना रानातल्या अळंब्या ठरवून म्हणायचा, “या सात्यांची भाजी कर नं वं एकदा,” आणि ऑफिसात टाकी स्वतःचा छंद म्हणून मिरवायचा. आज त्याचे साहेब, ज्यांच्याकडेही अशी टाकी होती, मुद्दाम हुडकेश्वरला त्यांच्या घरी ती पाहायला आले होते. सकाळीच त्याने नेहमीसारखी गार्गीकडून नावं पाठ करून घेतली होती.

“हा मोठा कोणता?” साहेबांनी विचारलं.

“रिकॉर्डिया, सर. एकदम गरीब. माशांले हात नाही लावत.”

साहेब हसले. “अहो, हत्तीकान आहे हा. मासे खाऊन टाकेल तुमचे.”

जितेंद्र गार्गीकडे वळला. “काहून वं, तूच तर सकाळी रिकॉर्डिया सांगितलं नं?”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. साहेब आता गार्गीकडे पाहत होते.

“हो, मीच सांगितलं,” ती शांतपणे म्हणाली. “अकरा वर्षं बरोबर सांगितलं, तेव्हा यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. आज चुकीचं सांगितलं, तर लगेच घेतलं. सर, उमरेडच्या कॉलेजातली नोकरी मी यांच्यासाठी दोनदा नाकारली. आता घेतेय. सोमवारी ही टाकी घेऊन मी तिकडेच राहायला जातेय.”