खिडकीजवळचा कोपरा

सासऱ्यांनी खिडकीजवळ गुडघ्याएवढं कपाट ठेवलं, गोष्टींची पुस्तकं लावली आणि शिलाई मशीनवर चिमुकल्या गादीची खोळ शिवायला घेतली. सुनेच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या वेळी दिवस राहिल्याबरोबर तिने घरभर सांगितलं. मूल टिकलं नाही तेव्हा सगळ्यांची समजूतही तिलाच घालावी लागली. या वेळी फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. "हे कुणासाठी, बाबा?" "नातवंडांसाठी. होतील तेव्हा होतील. डोळे शाबूत आहेत तोवर शिवून ठेवतो." "खरं सांगा. तिसरा महिना लागल्याचं तुमच्या लेकानेच सांगितलं ना?" मशीन थांबलं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तिने जीभ चावली. "काय म्हणालीस, पोरी? मशीनच्या खडखडाटात ऐकूच आलं नाही," ते म्हणाले आणि मगच त्यांनी पायडल मारलं.