आईचा वाली

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या डार्लीनचं आयकराचं विवरणपत्र सरकारी संगणकाने परत पाठवलं. ती सांभाळत असलेल्या आईला भाऊ व्हर्ननने आधीच आपल्यावर अवलंबून दाखवून करात सवलत लाटली होती, आणि ही सवलत दोघांपैकी एकालाच मिळते. आईला न्हाऊ-माखू घालायचं डार्लीनने आणि हा पठ्ठ्या तीन वर्षांत फिरकलासुद्धा नव्हता.

आता आईची सवलत आपल्याला मागत सगळं कागदावर नव्याने भरायचं आणि उरलेल्या कराचा चेक जोडून टपालाने पाठवायचं. पाकिटावर तिकीट थापत डार्लीन कडाडली, "मेल्याला लाज कशी वाटली नाही! आई, तुझा सांभाळ तोच करतो, असं लिहून दिलंय त्याने सरकारला!"

आईचा चेहरा एकदम उजळला.



"बघ! आणि तू म्हणायचीस, व्हर्नन मला विसरला!"