साक्ष दिल्यानंतर

"तू साक्ष दिलीस, आणि मग तुझा सहीचा अधिकार काढला. बरोबर?" युनियनच्या वैजयंतीताईंनी विचारलं.

"हो." देविका हे आज तिसऱ्यांदा सांगत होती.

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या त्या लॅबमध्ये पाण्याच्या प्रत्येक चाचणीवर दोघांच्या सह्या लागायच्या. एकाने तपासायचं, दुसऱ्याने पडताळायचं. ज्याला सही करता येत नाही, त्याने बाटल्या धुवायच्या. देविका महिनाभर बाटल्या धूत होती. आता 'काम समाधानकारक नाही' म्हणून नोकरीच जाणार होती, आणि नोकरीबरोबर व्हिसा.

"मूळ तक्रार तनिषाची ना?"

"हो. टीममध्ये आम्ही दोघीच भारतीय. मॅनेजर ग्रॅहम तिच्या आडनावाची, डब्याची सगळ्यांसमोर टर उडवायचा. सुनावणीत मी सगळं सांगितलं. ती टॉयलेटमध्ये जाऊन रडायची, तेही. बाकी कोणी तोंड उघडलं नाही."

"छान. म्हणजे छान नाही गं, पण कायद्याच्या दृष्टीने छान. साक्ष दिल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. तनिषा तुझ्या बाजूने बोलेल?"

"नाही."

"भ्यायली असेल पोर."

"ताई, ते तसं नाही..."

"थांब, आधी माझं ऐक. साक्षीमुळेच अधिकार काढला, हे दाखवावं लागेल. ते म्हणतील, तुझ्या चुका होत होत्या."

"माझी एकही चाचणी चुकलेली नाही!"

"ओरडू नकोस, ट्रायब्युनलही हेच विचारणार. निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला तुझी साक्ष माहीत होती का?"

"शब्द न् शब्द. सुनावणीत समोरच बसून ऐकली."

"वा! आणि त्यानंतरची वागणूक?"

"माझ्याकडे बघणंच बंद. मी कॅन्टीनमध्ये शिरले की जेवण अर्धवट टाकून बाहेर."

"चारचौघांत नाक कापलं गेलं की माणूस असाच वागतो." वैजयंतीताई लिहू लागल्या. "दाव्यात पहिलं नाव कंपनीचं. दुसरं, ग्रॅहम..."

"ताई, ग्रॅहमला तर त्या सुनावणीनंतर लगेच काढून टाकलं. मघापासून तेच सांगायला बघतेय."

वैजयंतीताईंचं पेन थांबलं. "मग तुझा अधिकार काढला कोणी?"

"त्याच्या जागी आलेल्या मॅनेजरने," देविका म्हणाली. "तनिषाने."