पालींची तार

"खांबेटे, त्या फायबरच्या तारेतून उजेड धावतो, ठाऊक आहे ना? आणि उजेड आला की पाली आल्याच. माझ्या मेव्हण्याच्या घरात महिनाभरात एकशे बारा जमल्या!" सोसायटीच्या बाकावर बसून मी हे सांगितलं. मला मेव्हणाच नाही.

पण करणार काय? समोरच्या ए विंगला या नव्या इंटरनेटची जोडणी आधी मिळाली. खांबेट्यांचा परदेशातला नातू त्यांच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर खदाखदा हसायचा, ते मला माझ्या गॅलरीतून दिसायचं. माझी मेलबर्नची नात मात्र मोबाइलवर तोंड उघडं ठेवून थिजलेली. नुसता जळफळाट व्हायचा.

खांबेटे हसले. गंभीर झाली ती बाकावरची माझ्याच बी विंगची मंडळी. आमच्याकडे तार यायला आठ घरांच्या सह्या लागत होत्या. दुसऱ्या दिवशी सात जणांनी आपापल्या सह्या मागे घेतल्या आणि कंपनीने आमची विंग यादीतून उडवली.

संक्रांतीनंतर नातीचं बोरन्हाण होतं. ते बघायला शेवटी खांबेट्यांच्याच हॉलमध्ये जाऊन बसलो. पडद्यावर तिच्या केसांत अडकलेला चुरमुरासुद्धा दिसत होता.

"जपून हं, अण्णा. आमच्याकडे पाली आहेत," खांबेटे म्हणाले.

"अहो, गंमत केली होती. तुमचा हेवा कशाला करू मी?"

टीव्हीच्या वर खरोखरच एक पाल होती. माणूस खरं बोलला की पाल चुकचुकते म्हणतात. मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

मेली गप्पच बसली.