टोपीवरची फुलं

"दुर्गव्वा हसली नाही तर नाटकातलं हे पद गेलं," अंबूताईंनी सांगून टाकलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

बाळाचार्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मळमड्डीतल्या छोट्या सभागृहाच्या रंगमंचावर ते गुलाबी साटिनचा कोट घालून उभे होते. वय एकाहत्तर. सबंध नाटकात त्यांच्या वाट्याला हे एकच पद. ते गेलं की उरत होती दोन वाक्यं आणि एक शिंक.

नाटक राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, विलायती, विनोदी, संगीत. लंडनचे बडे लोक शहराला कंटाळतात, रेशमी कपड्यांतले धनगर होऊन खेड्यात येतात, आणि मेंढीला शिंगं असतात की नाही हेही ठाऊक नसताना मेंढपाळाच्या सुखाची गाणी म्हणतात. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या अंबूताईंनी ते हौसेनं मराठीत आणलं होतं. सगळी गंमत त्या गाण्यांतच. पण गेल्या रविवारी तालमीला बोलावलेली जाणती मंडळी हसलीच नाहीत. बाळाचार्यांनी पिलू रागातली तान घेतली आणि पहिल्या रांगेनं डोळे मिटले. एका निवृत्त मामलेदारांनी तर रुमाल काढला. "असं निर्मळ जिणं आता कुठं राहिलंय, अंबूताई!" आम्हा लोकांचं हे असंच. पेटीवर सूर धरून कुणी शिव्या दिल्या, तरी आम्ही दादच देऊ.

म्हणून आज दुर्गव्वा. गावाबाहेर या कानडी धनगरणीची साठ मेंढरं होती आणि नाटकातलं कोकरूही तिचंच. "जन्म मेंढरांत गेलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं, मला बघायचंय," अंबूताई म्हणाल्या.

"म्हणजे आता आमच्या गाण्याची परीक्षा मेंढरं घेणार म्हणा की," बाळाचार्य म्हणाले. पण घसा त्यांनी दोनदा खाकरला.

कोकराची दोरी रंगमंचावरच्या खुर्चीला बांधून दुर्गव्वा पहिल्या रांगेत टेकली. बाळाचार्यांनी टोपी काढून खाली ठेवली. गाताना ती कपाळाला रुतायची. टोपीभर कागदी गुलाब होते, नाटकातल्या नायिकेनं, सावनीनं, दोन दिवस बसून चिकटवलेले. साकेतनं पेटीवर सूर दिला.

"नको मज नगर, नको दरबार, मेंढरांसंगे मांडीन संसार..."

अंबूताई रंगमंचाकडं पाठ करून दुर्गव्वाचं तोंड न्याहाळत बसल्या. पहिल्या ओळीला दुर्गव्वा नीट ऐकत होती. दुसऱ्या ओळीला तिच्या कपाळाला आठी पडली. तान सुरू झाली तशी ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

"अक्का, ते बघा..."

"श्श! संपू दे." अंबूताईंनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

बाळाचार्य डोळे मिटून वर चढत होते. सावनीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. साकेतनं मान फिरवली, पण पेटी सोडली नाही. तान समेवर आली, अंबूताईंचा हात सुटला, आणि दुर्गव्वा तडक रंगमंचावर चढली. तिनं कोकराचा जबडा धरला, आत दोन बोटं घातली आणि गुलाबी कागदाचा ओला लगदा बाहेर काढला.

"हसू नाही आलं?" अंबूताईंनी खालून विचारलं.

"हसायचं कसलं, अक्का? मरी कागद खायलागलंय, कोकरू! पोट फुगलं म्हणजे?" मग ती बाळाचार्यांकडं वळली. रागानं नव्हे, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "मेंढरांसंगं संसार करतो म्हणलात नोड्री, अज्जा. एकदा तरी खाली बघितलात काय?"

मग अंबूताईंना हसू फुटलं ते थांबेचना. साकेत पेटीवर आडवा झाला. सावनी जमिनीवर बसून हसली.

बाळाचार्यांनी टोपी उचलली. तीनच गुलाब उरले होते. त्यांचे कान लाल झाले.

"हे हसणं पदाला नाही," ते म्हणाले, "मला आहे."

अंबूताईंनी हळूच मान डोलावली. खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

"आणि जिच्यावर सगळं ठरायचं होतं, ती हसलेली नाही. पद गेलं." बाळाचार्य कोटाची बटणं काढू लागले. एक काढलं, दुसरं काढलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते लपवावं असंही त्यांना वाटत नव्हतं. तिसऱ्या बटणावर मात्र त्यांचा हात थांबला. कोकरू मान उंचावून टोपीकडंच बघत होतं.

"दुर्गव्वा," त्यांनी विचारलं, "कागदाच्या जागी पाला बांधला तर?"

"चालतं की! पाला लई आवडतंय त्याला."

"किती वेळ खाईल?"

"तुम्ही गायपर्यंत खातंय, अज्जा."

बाळाचार्यांनी थोडा विचार केला. मग टोपी तिच्यापुढं धरली. कोकरासाठी आणलेल्या पेंढीतल्या सुबाभळीच्या चार डहाळ्या दुर्गव्वानं गुलाबांच्या जागी खोचल्या, राहिलेला कागद ओरबाडून घेतला आणि ती खाली जाऊन बसली. बाळाचार्यांनी दोन्ही बटणं पुन्हा लावली. टोपी जमिनीवर ठेवली, आणि पायाच्या अंगठ्यानं हळूच कोकराकडं सरकवली. मग डोळे मिटले.

"नको मज नगर..."

पहिली ओळ संपायच्या आतच दुर्गव्वाचं हसू ऐकू आलं. पदर तोंडाला लावूनही ते मावत नव्हतं. बाळाचार्यांनी डोळे उघडले नाहीत. तान मात्र त्यांनी आणखी लांबवली.